मराठी-कन्नड संकेतस्थळासाठी जोडीचे टंक (फॉन्ट)

प्रश्न (बेळगाव): खडेबाजारातील एका कापड दुकानाचे संकेतस्थळ मी मराठी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत रचत आहे; परंतु देवनागरी ठसठशीत केली की शेजारची कन्नड अक्षरे फिकी पडतात. जोडीने शोभतील असे टंक कृपया सुचवावेत.

उत्तर (निपाणी): मथळ्यांसाठी 'बालू २' आणि त्याचे कन्नड भावंड 'बालू तम्मा २' घ्यावे. सलग मजकुराला मात्र मी 'नोटो सान्स'चे दोन्ही टंक पसंत करीन.

उत्तर (खानापूर): ओळींतील अंतर सैल ठेवा, कारण देवनागरीच्या मात्रा वर चढतात आणि कन्नडची ओत्तक्षरे (जोडाक्षरात खाली लिहिली जाणारी व्यंजने) खाली उतरतात. शिवाय कोडमध्ये पानाची भाषा मराठी अशी नोंदवा. अन्यथा अनेक टंकांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात, आणि आपल्या वाचकाला ते लगेच खटकते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. भाषेची नोंद खरोखरच हिंदी राहिली होती.