आजोबांचं .२५ पिस्तूल: सांभाळायचं की जमा करून मोकळं व्हायचं?

जुनी पेठ
परवा इथे सोलापूरकरांच्या फोरमवर 'होटगी रोड' या नावानं लिहिणाऱ्यांनी लिहिलं, "आजोबांच्या वेळची ती पॉइंट टू फाइव्ह म्हणजे खेळणी. त्यानं कुत्रंसुद्धा घाबरत नाही. परवान्याच्या फेऱ्या मारण्यापेक्षा ठाण्यात जमा करा आणि मोकळे व्हा." खाली लोकांनी धडाधड लाइक ठोकले. दोन दिवस गप्प बसलो, आज लिहितोच.

माझ्याकडे आजोबांचं बेल्जियमच्या एफएन कंपनीचं ब्राउनिंग आहे, १९०६ मॉडेल, ६.३५ मि.मी. गोळीचं, म्हणजे इंचात आपलं .२५. आजोबा गिरणीत कॅशियर. पगाराच्या दिवशी बँकेतून रोकड टांग्यातून यायची, त्यासाठी परवाना मिळालेला. लांबी साडेअकरा सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीतल्या गोळ्यांच्या खान्यात, ६ गोळ्या. नळीच्या तोंडाशी ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा काळानिळा थर, उडून लोखंड पांढरं पडलंय, कोटाच्या आतल्या खिशाला घासून घासून. ती पांढरी कड बघितली की मला आजोबांचा कोट दिसतो.

ताकद कमी आहे, मान्य. ५० ग्रेनची, म्हणजे जेमतेम सव्वातीन ग्रॅमची गोळी, जोर .२२ रायफलच्या गोळीपेक्षाही कमी. पण म्हणून ते खेळणं होत नाही. जॉन ब्राउनिंग या नामांकित अमेरिकन शस्त्ररचनाकारानं आखलेलं यंत्र आहे हे. स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढून नळी फिरवली की खालच्या दातांतून सुटते, एकही स्क्रू काढावा लागत नाही. शंभर वर्षांनंतर आजही ती नळी तितकीच घट्ट बसते.

आणि देखभाल म्हणाल तर वर्षातून चार वेळा अर्धा तास. पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर, संक्रांतीला आणि उन्हाळ्यात. कातड्याच्या होल्स्टरमध्ये कधीच ठेवायचं नाही, कातडं ओल धरतं आणि कमावतानाचे क्षार लोखंड खातात. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या भागात, क्लोरेट असायचं, त्याचा क्षार नळीत राहतो आणि नुसत्या तेलानं जात नाही. गरम पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, मग तेल. खोबरेल तर नकोच, चिकट होऊन बसतं. आतली फायरिंग पिनची, म्हणजे टोपीवर आपटणाऱ्या खिळीची, स्प्रिंग ताणलेली ठेवायची नाही. डमी काडतूस घालूनच चाप सोडायचा, रिकाम्या नळीवर खटखट करत बसलं तर जुनी पिन तुटते आणि तशी दुसरी मिळत नाही.

एवढं ज्याला जमत नाही त्यानं खुशाल जमा करावं. जमतंय त्याला "मोकळे व्हा" सांगू नका.

होटगी रोड
माझं नाव घेऊन लिहिलंय म्हणून उत्तर देतो. माझ्या मामांकडे कोल्टचं .२५ होतं, १९०८ मॉडेल, सुरुवातीच्या काळातलं. मामा तुमच्यासारखेच, दर पावसाळ्याला पेपर पसरून पुसायचे. एकदा मॅगझिन काढलं, "रिकामं आहे" म्हणाले आणि चाप दाबला. नळीत एक राहिली होती. गोळी ज्वारीच्या पोत्यात घुसली. पोत्याच्या पलीकडे माझी बहीण जमिनीवर गृहपाठ करत होती. तुम्ही कोट आठवा, मला ते पोतं आठवतं. भोकातून ज्वारी भळाभळा सांडत होती आणि घरात कुणी बोलत नव्हतं.

जुन्या कोल्टला मॅगझिन काढल्यावर चाप अडवणारी सोय नव्हती, ती नंतर आली. ही गोष्ट किती मालकांना ठाऊक आहे? मग "पुसणाऱ्याला सांगू नका" कसं म्हणता?

जुनी पेठ
वाचून अंगावर काटा आला. पण चूक पिस्तुलाची नव्हती. मॅगझिन काढायचं, स्लाइड ओढायची, उघड्या खिडकीतून नळीच्या मागच्या टोकात डोळ्यानं बघायचं, करंगळीच्या टोकानं चाचपायचं, मगच पुढचं. मामांना हे कुणी शिकवलं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आलं ते याचसाठी. आधी कुणीच विचारत नव्हतं.

बार्शीकर
स्प्रिंग आणि तेल राहू दे बाजूला. खरा गंज कुठे लागतो ते मी सांगतो. निवडणुकीत!

२०२४ ला मार्चमध्ये आचारसंहिता लागली, लगेच फोन, शस्त्र जमा करा. आमचं वेबली स्कॉट .३२, बर्मिंगहॅमचं, वडिलांनी डोळ्यात तेल घालून जपलेलं. जूनमध्ये परत मिळालं तेव्हा उजव्या बाजूला स्लाइडभर तांबूस पुरळ. ऑक्टोबरमध्ये विधानसभा, पुन्हा जमा. एका वर्षात दोनदा! माझ्यावर एक साधी अदखलपात्र तक्रारसुद्धा नाही. सरसकट सगळ्यांची शस्त्रं गोळा करू नका, छाननी समितीनं माणूस बघून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्येच सांगितलंय. जामिनावरचे, गुन्हे असलेले, आधीच्या निवडणुकीत दंगा केलेले, त्यांची घ्या ना. इथे मात्र यादी काढायची आणि सगळ्यांना बोलवायचं.

निवृत्त पोलीस, मुरारजी पेठ
बार्शीकर, मी कारकून म्हणून मुद्देमाल खोली सांभाळली आहे, म्हणून बोलतो. एक खोली, एक खिडकी, एक पंखा. त्यात दारू, सायकली, कोयते आणि निवडणुकीची शस्त्रं. प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधायची, नंबर रजिस्टरशी ताडून बघायचा, पावती द्यायची. तेल लावायला माणूस कुठून आणू? आणि लोक आणतात कसं ते ऐका. एकानं बारीक पिस्तूल रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवलं, मी मॅगझिन काढून स्लाइड ओढली तर नळीतून गोळी उडून माझ्या पायाशी पडली. तो म्हणतो, "राहिली असेल साहेब." होटगी रोडवाल्यांचं म्हणणं मला पटतं ते यामुळे.

बार्शीकर
म्हणजे एकाच्या मूर्खपणाची शिक्षा आमच्या वेबलीला? तुम्ही तेल लावू नका, पण आम्ही तेल लावून, मेणकागदात गुंडाळून दिलेलं निदान उघडू तरी नका. आमचा कागद फाडून फेकला होता. पावतीवर शस्त्राची स्थिती लिहा म्हटलं तर "इथे तसा रकाना नाही".

निवृत्त पोलीस, मुरारजी पेठ
नंबर बघायला उघडावंच लागतं. परत गुंडाळायला हवं होतं, ते चुकलं. आणि स्थिती लिहायला रकाना लागत नाही, शेऱ्यात लिहिता येतं. मी लिहीत होतो. सगळे लिहीत नव्हते, हेही खरं.

विजापूर रोड
काय बोललालाव अण्णा तुम्ही सगळे, पोलिसांच्या नावानं खडे फोडून झाले का? आमच्या घरातला गंज आम्हीच लावला. दसऱ्याला शस्त्रपूजा. आजी हळद-कुंकवाचं ओलं बोट स्लाइडवर टेकवायची, वर झेंडूचं फूल आणि पाण्याचे थेंब. दुसऱ्या दिवशी तसंच उचलून कपाटात. पुढच्या दसऱ्याला काढलं तर बोटाच्या आकाराचा खड्डा. वडिलांनी पॉलिश पेपर मारला, डाग गेला, ब्लूइंगही गेलं, आणि कोरलेला नंबर पुसट झाला. नूतनीकरणाच्या वेळी त्या नंबरावरून घाम फुटला.

दुसरं म्हणजे कूलर. सोलापूर कोरडं, गंज लागत नाही, असं सगळे म्हणतात. एप्रिल-मेमध्ये ज्या खोलीत पाण्याचा कूलर रात्रभर चालतो, तिथल्या लोखंडी कपाटाच्या दाराला हात लावून बघा. ओलं लागतं.

जुनी पेठ
कूलरचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि माझं कपाट त्याच खोलीत आहे. आजच हलवतो. पूजेचं म्हणाल तर आम्ही कुंकू ताटाला लावतो, पिस्तुलाला नाही.

अक्कलकोट रोड
माझं सांगतो. आमच्या .३२ ची फायरिंग पिन तुटली. एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्यानं तासाभरात करून दिली, अगदी हुबेहूब. चालतंय मस्त. उगाच बाऊ करता.

जुनी पेठ
दादा, हे मस्त नाही. परवान्याशिवाय शस्त्र दुरुस्त करायला आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ नं बंदी आहे, तो तर गुन्ह्यात अडकतोच, तुम्हीही अडकू शकता. शिवाय पिनचं टोक जरा लांब किंवा टोकदार झालं तर टोपी फोडते आणि जळता वायू मागे तोंडावर येतो. ती पिन काढा, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे द्या. तोपर्यंत चालवू नका, हात जोडतो.

होटगी रोड
बघा, हेच तर मी म्हणतोय! दहातले दोघं तुमच्यासारखे, बाकीचे लेथवाले. आणि .२५ ची काडतुसं तरी मिळतात का? .३२ खडकीच्या कारखान्याची मिळतात. .२५ साठी मामांनी शेवटची दहा वर्षं दुकानांचे उंबरे झिजवले. गोळी नाही, सराव नाही, मग ठेवायचं कशाला? अक्कलकोटच्या राजवाड्यात जुन्या संस्थानचं शस्त्रसंग्रहालय आहे, तिथे काचेआड किती नीट ठेवलंय. घरातल्या कपाटापेक्षा तिथे शोभतं.

बार्शीकर
तिथे राजघराण्याचं आहे. आमच्या वेबलीला कोण विचारतो? एकदा जमा केलं की गेलंच समजा. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाली, तेव्हापासून ही परदेशी पिस्तुलं देशात जेवढी आहेत तेवढीच. एक वितळवलं की एक कमी.

जुळे सोलापूर (एक मुलगी)
मी काल रात्री सगळा धागा वाचला. वडील दोन महिन्यांपूर्वी गेले. त्यांचं .२५ वेबली आहे, जर्मन सिल्व्हरच्या सुपारीच्या डब्यात ठेवलेलं. मला ते ठेवायचंय. दोन्ही भाऊ म्हणतात, "बाईमाणसाला कशाला, जमा कर." एकानं तर सांगितलं की एवढं जुनं म्हणजे अँटिक, परवाना लागतच नाही, राहू दे डब्यात. कुणाचं खरं?

निवृत्त पोलीस, मुरारजी पेठ
ताई, अँटिकचं अजिबात ऐकू नका. कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशा शस्त्राला आहे. तुमचं वेबली चालतं किंवा चालू होऊ शकतं, म्हणजे परवाना लागतोच. परवानाधारक गेल्यावर ते घरात ठेवणं बेकायदा आहे. कलम २१ प्रमाणे विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. दोन महिने आधीच झालेत. लगेच वारसा परवान्याचा अर्ज करा, मुदतीत काही केलं नाही तर सरकारजमा होतं. शहरात राहता, म्हणजे अर्ज पोलीस आयुक्तालयात. ग्रामीण असतं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे.

जुनी पेठ
वारसदार म्हणून मुलगी आणि मुलगा असा भेद नियमात नाही. भावांची ना-हरकत मात्र लागेल, आधी ती लेखी घ्या. बाकीच्यांनीही ऐका: परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं तर जिवंतपणीच वारसाला देता येतं. मी वडिलांकडून असंच घेतलं. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर एकाच्या नावावर दोनच शस्त्रं, वारशाचं धरून, तेवढं बघा.

होटगी रोड
ताई, मी असतो तर ठेवलं नसतं. पण ठेवायचंच ठरवलं असेल तर जमा करायला स्वतः उघडू नका. विक्रेत्याला किंवा ठाण्यातल्या माणसाला घरी बोलवा. वडील गेले तेव्हा ते भरलेलं होतं की रिकामं, हे तुम्हाला कुणालाच ठाऊक नाही.

जुनी पेठ
याच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

बार्शीकर
आणि पावतीच्या शेऱ्यात स्थिती लिहून घ्या. गंज नाही, ग्रिपला तडा नाही, मॅगझिन १. फोटो काढा.

जुळे सोलापूर (एक मुलगी)
धाकट्या भावानं सही केली. मोठा रविवारी येतोय. डबा उघडलेला नाही, आज दुपारी ठाण्यातून माणूस येणार आहे. सुपारीचा डबा मात्र मी देणार नाही.