ग्रेड २ फॅटी लिव्हर : चरबीने दाह होतो कसा? टीएनएफ, आयएल-६ तपासून घ्यावं का?

केळीबाग_रावेर

नमस्कार मंडळी. वय ४१, वजन ८४ किलो, दारूला हात नाही (घरात माळकरी आई आहे, विषयच नाही). पोट दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली तर ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं. यकृताची एन्झाइमं एसजीपीटी ७८, एसजीओटी ५२, प्लेटलेट २ लाख १० हजार. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, चाला. बस, तेवढंच.

पुतणी जळगावला बीएस्सी करते. ती म्हणते, काका, एसजीपीटी उगाच वाढत नाही, आत दाह सुरू असेल, आणि तो टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ असली प्रोटीनं पेटवतात. वहीत बाण काढून दाखवले, मला निम्मे कळले. चरबी म्हणजे तेलच ना? तेल पडून राहिलं म्हणून दाह का व्हावा? जखम नाही, जंतू नाही. ही प्रोटीनं रक्तात तपासता येतात का? गावात ज्याला विचारावं तो म्हणतो, "काही व्हत नही." आणि केळी बंद करू का तेही सांगा. आमच्या घरात घड लटकलेलाच असतो.

निवृत्त_मॅडम_अमळनेर

भाऊ, पुतणी हुशार आहे. फक्त तिचं ते "असेल" नीट ऐका. सोनोग्राफीतला ग्रेड चरबी किती आहे एवढंच सांगतो. दाह आहे की नाही हे खात्रीने बायोप्सीतच (यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणं) दिसतं, आणि ती काय प्रत्येकाची करत नाहीत.

मी बायोकेमिस्ट्री शिकवायचे, त्यामुळे थोडं लांबेल. पेशीत थेंब होऊन साठलेलं तेल तसं गरीब असतं. छळतात ती सुटी फॅटी अॅसिडं, त्यातही पामिटिक. ती साठवण्याची पेशीची ताकद संपली की पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियावर ताण येतो आणि जेएनके नावाचं ताणाचा इशारा देणारं प्रथिन जागं होतं. पेशी फुगते, काही मरतात, आणि एमसीपी-१ सारखी प्रथिनं बाहेर पडतात. त्यांचं काम एकच, रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना यकृतात बोलावून घेणं. तिथे कुप्फर नावाच्या पहारेकरी पेशी आधीपासून मुक्कामाला असतातच. त्या चिडल्या की त्यांच्या केंद्रकात एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन शिरतं आणि टीएनएफ, आयएल-६ यांचं उत्पादन सुरू होतं. आयएल-१ बीटा हेही दाहाचंच प्रथिन, पण त्याची गंमत वेगळी. ते आधी कच्चं बनतं, एनएलआरपी३ नावाच्या प्रथिनसमूहाने एन्झाइमकरवी कापल्याशिवाय कामाला लागत नाही.

जंतू नाही म्हणता, पण आतड्यात ते अब्जावधींनी आहेत. आतड्याचं अस्तर सैल झालं की त्यांच्या भिंतीचे तुकडे आतड्याचं रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतून थेट यकृतात येतात, आणि कुप्फर पेशींवरचं टीएलआर४ हे प्रथिन ते लगेच ओळखतं. म्हणजे जंतू आत न येताच जंतू आल्याची बोंब.

तुम्हाला हे रायपनिंग चेंबरवरून कळेल. एक केळ पिकू लागलं की इथिलीन वायू सोडतं, त्याने शेजारचं पिकतं, मग तेही इथिलीन सोडतं. टीएनएफचं तसंच. ते शेजारच्या पेशीत पुन्हा जेएनके जागं करतं, इन्सुलिनचा निरोप मधेच तोडतं. इन्सुलिनचं कोणी ऐकेना झालं की पोटावरची चरबी आणखी फॅटी अॅसिडं सोडते, आणि ती पुन्हा यकृतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीतच टीएनएफ तयार होतं हे होतामिश्लिगिल आणि स्पीगेलमन यांनी १९९३ साली दाखवलं, तेव्हा ढेरी म्हणजे नुसतं तेलाचं कोठार हा समज गेला.

भीती बाळगायचीच तर टीजीएफ-बीटा या प्रथिनाची बाळगा. त्याच्या निरोपावर यकृतातल्या स्टेलेट पेशी कोलॅजनचे धागे विणू लागतात, तोच फायब्रोसिस, म्हणजे यकृतातले वण. पुढचं नाव सिरोसिस.

लॅबवाला_भुसावळ

आयएल-६ ची टेस्ट होते, कोविडमध्ये लोकांनी रांगा लावून केली. पण दात किडला, सर्दी झाली तरी ती वाढते. यकृताचं काही वेगळं सांगत नाही. पैसे वाचवा भो.

तुमच्याच रिपोर्टवरून फिब-४ काढला, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. येतो साधारण १.१५. तुमच्या वयाला १.३ च्या खाली म्हणजे पुढे गेलेल्या फायब्रोसिसची शक्यता कमी. वर असता तर फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करा म्हटलं असतं. हा फुकटचा हिशेब आहे, डॉक्टरांना दाखवा.

धुळेकर_नाना

एवढं कशाला? रोज गुळवेलीचा काढा अन् हळदीच्या गोळ्या घ्या. लिव्हर साफ!

निवृत्त_मॅडम_अमळनेर

नाना, भाजीतल्या हळदीला माझी ना नाही. पण हळदीच्या दाट अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि कोविडच्या काळात गुळवेलीमुळे झालेल्या हेपॅटायटिसचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी छापून प्रसिद्ध केले. ज्याचं एसजीपीटी आधीच ७८ आहे त्याला हा सल्ला देऊ नका.

केळीबाग_रावेर

मॅडम, आता वहीतले बाण कळले. पण एक अडलं. माझ्या मेव्हणीला संधिवात आहे, तिला टीएनएफ अडवणारं इंजेक्शन देतात आणि तिचे सांधे मोकळे झाले. मग तेच लिव्हरला का देत नाहीत? एक प्रोटीन बंद, काम खतम.

निवृत्त_मॅडम_अमळनेर

भाऊ, हा प्रश्न औषध कंपन्यांनाही पडला होता. जेएनकेच्या वरच्या पायरीवरचं एएसके१ अडवणारं औषध सेलोन्सर्टिब २०१९ मध्ये मोठ्या चाचण्यांत नापास झालं. एमसीपी-१ चा निरोप जिथे पोचतो ते सीसीआर२ अडवणारं सेनिक्रिविरॉक, त्याची चाचणी २०२१ मध्ये गुण येईना म्हणून थांबवली. एक वाट बुजवली की निरोप दुसऱ्या वाटेने जातो, आणि मागून फॅटी अॅसिडं येतच असतात. शिवाय आयएल-६ आणि टीएनएफ काही नुसते खलनायक नाहीत. यकृताचा तुकडा कापून काढला तर तो परत वाढताना हेच दोघं लागतात.

अमेरिकेत मान्यता मिळाली ती मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला. पहिलं यकृतातली चरबी जाळतं, दुसरं भूक आणि वजन उतरवतं. दोन्ही उगमाशी जातात, आणि दोन्ही दाहासोबत फायब्रोसिस बऱ्यापैकी झालेल्यांसाठी. तुमच्या आकड्यांवरून तरी आज तुम्ही त्यात दिसत नाही.

तुमच्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत आटपलं, पण सांगितलं ते खरं. ५ टक्के वजन उतरलं की चरबी हटू लागते, ७ ते १० टक्क्यांवर दाह. म्हणजे तुमचे ६ ते ८ किलो, हळूहळू. केळ्याला दोष देऊ नका, मध्यम केळ्यात १२-१४ ग्रॅम साखर असते आणि सोबत चोथा. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास, चोथा शून्य. दिवसाला एखादं खा, घड नको! कळण्याची भाकरी आणि भरीत खुशाल, पण भरितावरचं तेल हाताने मोजून. शेवभाजीचं मात्र मी काही बोलत नाही, धुळे-जळगावचे लोक अंगावर येतील.

आणि हेपॅटायटिस बी-सी तपासलंय का? एसजीपीटी चरबीनेच वाढलं असं धरून चालू नका.

केळीबाग_रावेर

नाही तपासलं. सोमवारी माल भरून झाला की सावद्याला जाऊन रक्त देतो. शेवभाजीचं डॉक्टरांनाच विचारतो, मॅडम टाळताहेत.