मदत हवी आहे : डाव्या-उजव्या स्पीकरची वायर सारख्याच लांबीची लागते का?

नमस्कार मंडळी. हॉलमध्ये ॲम्प्लिफायर डाव्या कोपऱ्यात ठेवावा लागतोय, कारण प्लग पॉइंट तिथेच आहे. त्यामुळे डाव्या स्पीकरला २ मीटर वायर पुरते. उजव्याला मात्र स्कर्टिंगवरून, दाराच्या चौकटीला वळसा घालून ७ मीटर. स्पीकर ८ ओहमचे आहेत.

दुकानदार म्हणतो, दोन्हीकडे ७-७ मीटरच घ्या, नाहीतर एका बाजूचा आवाज उशिरा येईल. हे काही पटत नाही. वायरमधून सिग्नल इतका वेगाने जातो की पाच मीटरचा फरक कानाला कळणं शक्यच नाही. प्रश्न असलाच तर रेझिस्टन्सचा. दीड स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरला ७ मीटरवर, जाऊन-येऊन, साधारण ०.१७ ओहम होतो. ८ ओहमपुढे तो किरकोळच वाटतो, पण पुढेमागे ४ ओहमचे स्पीकर घेतले तर? तेव्हा आत्ताच अडीचची टाकावी का?

आणि दोन्हीकडे सारखी घेतलीच, तर डावीकडची उरलेली पाच मीटर ठेवायची कुठे? वेटोळं करून कपाटामागे टाकलं तर चालतं का? (घरच्यांना लोंबती वायर दिसता कामा नये, ही अट वेगळीच.)

उजवीकडची वायर काही अंतर लाइटच्या वायरिंगच्या पट्टीला लागून जाईल. त्याने गुणगुण येते का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.