नुसती नटण्याची हौस नव्हे

स्वतःच वेगवेगळे वेश करून फोटो काढणं म्हणजे गॅदरिंगमधला फॅन्सी ड्रेस, असं काही जण म्हणतात. काही कामांबद्दल पटेलही, पण पुष्पमाला एन. यांची 'नेटिव्ह वुमेन ऑफ साउथ इंडिया' (२०००-२००४) ही फोटोमालिका पाहा. मूळच्या शिल्पकार, बंगळुरूच्या. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत त्यांनी दक्षिणी बाईच्या ठरीव प्रतिमा पुन्हा उभ्या केल्या. रविवर्म्याची लक्ष्मी त्यात आहे. ही लक्ष्मी आपल्याकडे घरोघरी पोचली ती त्याच्या छापखान्यातून. आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला होता तो.

पण खरी मेख पुढे आहे. इंग्रजांनी अंदमानातल्या माणसांना चौकटींच्या पडद्यापुढे उभं करून, मापं घेत फोटो काढले होते. पुष्पमाला त्याच पद्धतीच्या पडद्यापुढे स्वतः उभ्या राहतात. देवी आणि 'नमुना' या दोन्ही जागी तोच एक चेहरा! बाईची 'जात' ठरवणारं काम लुगडं, दागिने, मागचा पडदा आणि उभं राहण्याची ढबच करत असते, हे अंगावर येतं. पडदे मुद्दाम खोटे वाटतील असे रंगवलेत, तेही मला आवडलं.

त्यांची आधीची फोटोमालिका 'फँटम लेडी' मुंबईतच चित्रित झाली आहे. मुखवटा, पिसांची टोपी, थेट जुन्या हिंदी स्टंटपटांची नायिका फिअरलेस नादिया हिचा थाट. ती जरा सैल वाटते, पण मजा जास्त आहे.