उन्हाळ्यात रोजचं मसाला ताक: अग्नीला बळ की पित्ताला खतपाणी?

पथ्यापथ्य (चर्चा सुरू करणाऱ्या सदस्याचं मूळ मत)

एप्रिल लागला की जेवणानंतर मसाला ताक सुरू, आणि दिवाळी झाली की 'सर्दी होईल' म्हणून बंद. आपल्या घराघरांतला हा रिवाज आयुर्वेदाच्या हिशेबानं उलटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

ताक कधी द्यावं हे सुश्रुतसंहितेत स्वच्छ लिहिलं आहे: थंडीच्या काळात, अग्निमांद्यात (भूक आणि पचन मंद असताना), कफाच्या विकारांत, स्रोतसं (शरीरातले वाहक मार्ग) अडली असताना, वात बिघडला असताना. कधी देऊ नये तेही आहे: जखमी माणसाला नको, 'नोष्णकाले न दुर्बले', म्हणजे उन्हाळ्यात नको आणि दुबळ्याला नको, आणि मूर्च्छा, भ्रम, दाह, रक्तपित्त (शरीरातून रक्त जाण्याचा विकार) यांत नको. ताक गार लागतं, पण ते उष्ण वीर्याचं, म्हणजे अंगात उष्ण परिणाम करणारं आहे. चवीला आंबट-तुरट, पचायला हलकं, अग्नी पेटवणारं.

त्यात 'अष्टांगहृदय'कार वाग्भटांची ग्रीष्म ऋतुचर्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या आहार-विहाराचे नियम बघा. खारट, तिखट आणि आंबट या तिन्ही रसांना उन्हाळ्यात मनाई आहे. आता आपला पेला: आदल्या दिवशीचं दही, मीठ, हिरवी मिरची, आलं. तिन्ही वर्ज्य रस एकाच भांड्यात! मग दुपारी चारला आंबट ढेकर, छातीत जळजळ, डोळ्यांची आग. लोक उन्हाला दोष देतात आणि उतारा म्हणून आणखी एक पेला ताक पितात.

'भोजनान्ते च किं पेयम्' हा श्लोक कृपया पुरावा म्हणून देऊ नका. ते कोडं आहे. जेवणाच्या शेवटी काय प्यावं, जयंत कोणाचा मुलगा, विष्णुपद कसं आहे, असे तीन प्रश्न आणि 'तक्रं शक्रस्य दुर्लभम्' (ताक, इंद्राचा, दुर्लभ) ही ओळीनं तीन उत्तरं. सुंदर रचना आहे, पण पथ्याचा नियम नव्हे.

रवीदोर

मत ठाम आहे, पण पेला तपासलेला नाही. तुम्ही ज्याला ताक म्हणता आणि सुश्रुत ज्याला तक्र म्हणतात, ते दोन वेगळे पदार्थ आहेत. सुश्रुतांचं तक्र म्हणजे घुसळून लोणी काढलेलं, अर्धं पाणी घातलेलं, फार घट्ट नाही आणि फार पातळही नाही. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तर पाच प्रकार वेगळे मांडलेत. सायीसकट, बिनपाण्याचं ते घोल. साय काढून बिनपाण्याचं ते मथित. चौथाई पाण्याचं तक्र, निम्म्या पाण्याचं उदश्वित, आणि लोणी पूर्ण काढून भरपूर पाणी घातलेली नितळ ती छच्छिका.

छच्छिकेचे गुण वाचा: शीत, लघु, पित्त, श्रम आणि तहान घालवणारी, मीठ घातलं की दीपन करणारी (अग्नी वाढवणारी). विदर्भात मे महिन्यात 45 अंशांत शेतावरून आलेला माणूस जे पितो ते हेच. वाटीभर दह्यात चार-पाच वाट्या पाणी. त्यावर तक्राचा निषेध कसा लावता?

दुसरं म्हणजे ऋतू. हेमंतात जठराग्नी मुळातच बलवान असतो. निरोगी माणसाला तेव्हा दीपन कशाला हवं? सुश्रुतांचा शीतकाल हा ताक सोसण्याचा काळ आहे, ते प्यायलाच हवं असा काळ नव्हे. आणि अग्नी खरा मंद होतो पावसाळ्यात. तिथे वाग्भट काय सांगतात? मस्तु, म्हणजे दह्यावरचं पाणी, त्यात सौवर्चल (काळं) मीठ किंवा पंचकोलाचं, म्हणजे सुंठ-पिंपळीसारख्या पाच औषधींचं चूर्ण. ताकाच्या कुळातला पदार्थ बरोबर त्या ऋतूत घातलाय. तुमच्या मांडणीत पावसाळा कुठेच नाही.

क्षारलवण

मी आहारशास्त्राच्या बाजूनं लिहितो. वीर्य-विपाकावर (विपाक म्हणजे पचनानंतरचा परिणाम) बोलत नाही, पण दोन गोष्टी मोजता येतात.

पहिली, मीठ. सपाट चहाचमचाभर मीठ साधारण 6 ग्रॅम. पेल्याला पाव चमचा धरला तर दीड ग्रॅम, दिवसाला दोन पेले म्हणजे 3 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आहे, आणि भाजी, आमटी, लोणचं अजून मोजलेलंच नाही. सैंधव घातलं म्हणून सुटका नाही, तेही सोडियम क्लोराईडच. रक्तदाब असलेल्यानं ताक बिनमिठाचं प्यावं आणि वर भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम-फॉस्फरसचाही हिशेब येतो, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचं ताक नको.

दुसरी, ज्यांना दूध पचत नाही त्यांना ताक का चालतं. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचा काही भाग आम्लात बदलतात, आणि उरलेली पचवायला त्यांचंच विकर (एन्झाइम) आतड्यात मदत करतं. म्हणून 'ताक हलकं' या म्हणण्याला आधार आहे. पण आम्लपित्ताचा, घशाशी येण्याचा त्रास असलेल्या काहींना आंबट ताकानं त्रास वाढतो, हेही तितकंच खरं. पथ्यापथ्य यांचा 'दुपारी चार' हा मुद्दा मी हवेत सोडणार नाही.

पथ्यापथ्य

रवीदोर, छच्छिकेचा मुद्दा वजनदार आहे. पण त्या व्याख्येत दोन अटी आहेत. पाणी भरपूर, ही एक. लोणी पूर्ण निघालेलं, ही दुसरी. आणि ती आज बहुतेक स्वयंपाकघरांत मोडते. मिक्सरच्या भांड्यात सायीचं दही आणि पाणी घालून अर्धा मिनिट फिरवलं की वर फेस येतो, लोणी येत नाही. स्नेह, म्हणजे लोण्याचा अंश, सगळा आतच राहतो. तुमच्याच यादीप्रमाणे ते पाणी घातलेलं घोल झालं, जड आणि कफकर. असं ताक पिऊन पोट डब्ब होतं आणि नाव ताकाचं खराब होतं.

चरकांनी (चरकसंहितेत) अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, चिकित्सेत ताकाचे तीन प्रकार याच कारणानं केले: लोणी पूर्ण काढलेलं रूक्ष, अर्धं काढलेलं आणि न काढलेलं. कोणतं द्यायचं ते दोष आणि अग्निबल बघून. सात दिवस, दहा दिवस, पंधरवडा किंवा महिना, अशी मुदतही घातली आहे. ज्याला मुदत आहे ते औषध. ते जेवणाची सवय म्हणून पिऊ नये.

रवीदोर

मुदत अर्शाच्या रोग्यासाठी आहे, जेवणाऱ्या प्रत्येकासाठी नाही. ग्रहणीच्या (पचन बिघडण्याच्या एका विकाराच्या) अध्यायात तेच चरक म्हणतात की ताक दीपन, ग्राही (शौच बांधणारं) आणि लघु असल्यानं श्रेष्ठ, आणि विपाक मधुर असल्यामुळे पित्त प्रकोप करत नाही. पुढे हेही की ताजं ताक विदाह (जळजळ) करत नाही. सगळी मेख 'ताजं' या अटीत आहे. जळजळ शिळ्या आंबटपणानं होते, तिचं खापर ताकावर फोडू नका.

लोण्याबद्दल मात्र पूर्ण सहमत. ते नीट काढायचं असेल तर:

एक लिटर दूध उकळून बोटाला सोसेल इतकं कोमट होऊ द्या, चमचाभर विरजण लावा. उन्हाळ्यात 4 ते 6 तासांत लागतं, थंडीत 8 ते 10 तास किंवा जास्त. लागलं की लगेच थंड जागी. तसंच ओट्यावर राहिलं तर संध्याकाळपर्यंत आंबतं, आणि अर्धवट लागलेलं घुसळलं तर ताक चिकट होतं. 'मंद' दही वाग्भटांनीही वर्ज्य सांगितलंय. घुसळताना आधी पाणी थोडंच, तेही माठातलं किंवा फ्रिजमधलं. पाणी कोमट असेल तर लोणी मऊ पडून रवीला आणि भांड्याला फासतं, गोळा धरत नाही. मिक्सर वापरायचाच तर दहा-दहा सेकंद थांबून फिरवा, सलग फिरवलं की भांडं तापतं. पिवळट कण वर तरंगून एकमेकांना धरू लागले की थांबा, लोणी काढून घ्या, आणि मग उरलेलं पाणी घाला. पाणी आधीच सगळं ओतलं तर लोणी सुटायला फार वेळ लागतो.

ओवा_बाळंतशोपा

दोघंही ऋतूवर अडलात, प्रकृतीवर कोणी बोललंच नाही. वातासाठी आंबट ताक सैंधव घालून, पित्तासाठी गोड ताक साखर घालून, कफासाठी सुंठ, मिरी, पिंपळी घालून, हा भेद प्रसिद्धच आहे. एकाच पातेल्यात मिरची-आलं वाटून घरातल्या सगळ्यांना एकच ताक वाढतो, चूक तिथे होते. पातेलं साधं ठेवा आणि पेल्यात घाला. पोटात गुडगुड, वारा धरलेला असेल त्याला चिमूटभर सैंधव आणि तुपात फुलवलेला हिंग. जेवणानंतर जडपणा आणि तोंडाला पाणी सुटणाऱ्याला पाव चमचा सुंठपूड. जळजळवाल्याला दोन्ही नाही. ताजं गोड ताक, थोडी खडीसाखर, अर्धा पेला.

पथ्यापथ्य

हे मान्य, आणि यात माझी उन्हाळ्याची हरकत बरीच भागते. त्याच दिवशीचं दही, लोणी काढलेलं, एकास चार पाणी, मीठ नखभर: असं ताक मे महिन्यात दुपारच्या जेवणात कोणी घेतलं तर मी अडवणार नाही. मिरची आणि आल्यावर मात्र मी ठाम आहे. रात्री ताक नको, यावरही.

रवीदोर

वाग्भटांच्या श्लोकात रात्रीचा निषेध दह्याचा आहे, तक्राचा नाही. दह्याचा नियम ताकाला लावायचा तर मग कढीही बंद करावी लागेल, कारण दही गरम करूनही खायचं नाही असं तिथंच लिहिलंय.

ओवा_बाळंतशोपा

कढीचा वाद वेगळा काढा. इथे वाचून ताक सुरू करणाऱ्यांसाठी एवढंच: प्यायल्यावर दोन-तीन तासांनी बघा. ढेकर स्वच्छ, अंग हलकं, पुढच्या जेवणाला खरी भूक, तर चालू ठेवा. ढेकर आंबट आणि धुरकट, सोबत तहान आणि घेरी, तर ते विदग्धाजीर्ण, म्हणजे पित्तानं झालेलं अपचन. ताक थांबवा, मसाला बदलून पुन्हा प्रयोग नको. शौचावाटे रक्त किंवा काळं शौच असेल तर ताकाचा विचारच बाजूला ठेवून आधी तपासून घ्या.