माकुळावरचे प्रकाशमान जिवाणू: प्लेटमधला उजेड दुसऱ्या रात्री का विझतो?

खाडीकाठ
ताज्या माकुळावरचे जिवाणू न्यूट्रिएंट अगारवर (जिवाणू वाढवायच्या घट्ट पोषक माध्यमावर) लावले आहेत. मीठ 1%, थोडं ग्लुकोज, तापमान 30 अंश. वसाहती भरपूर, पण उजेड पहिल्या रात्री अंधुक आणि नंतर काहीच नाही. आणखी एक, कोकणात दिसणाऱ्या निळ्या लाटा याच जिवाणूंच्या का?

प्रयोगवही
मीठ, साखर, तापमान, तिन्ही बदला. हे समुद्री जिवाणू आहेत, मीठ 3% हवं. ग्लुकोजमधून आम्ल तयार होतं आणि उजेड मंदावतो, म्हणून ग्लिसरॉल घ्या. एक लिटरला: मीठ 30 ग्रॅम, पेप्टोन 5, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 3, ग्लिसरॉल 3 मिली, अगार 15 ग्रॅम, आम्ल शोषायला कॅल्शियम कार्बोनेट 1 ग्रॅम. प्लेट 18 ते 20 अंशांवर ठेवा. 30 अंशांवर माजतात ते बरेचदा सडवणारे, न उजळणारे जिवाणू.

माकूळ गोड्या पाण्यात धुतलं असेल तर तिथेच घात होतो, पेशी फुटतात. 3% मिठाच्या पाण्यात अर्धवट बुडवून रात्रभर 10 ते 15 अंशांवर ठेवा. अंधारात दहा मिनिटं डोळे सरावू द्या, मग चमकणाऱ्या ठिपक्यावरूनच लूप (जिवाणू उचलायची तारेची कडी) फिरवा. पुढेही दर दोन-तीन दिवसांनी अंधारातच सर्वांत तेजस्वी वसाहत निवडून नव्या प्लेटवर न्या. डोळे झाकून उचललं तर न उजळणारे उत्परिवर्ती (जनुकं बदललेले जिवाणू) हळूहळू सगळी प्लेट व्यापतात.

लुसिफेरेज
द्रव माध्यमात वाढवाल तेव्हा फ्लास्क पाव भरच भरा आणि हलवत ठेवा. ल्युसिफेरेजला, म्हणजे उजेड निर्माण करणाऱ्या विकराला, ऑक्सिजन लागतो. स्थिर नळीत उजेड फक्त पृष्ठभागाशी उरतो. हलवताच पुन्हा उजळलं तर हवा कमी पडत होती, नाही उजळलं तर आम्लता तपासा.

पातळ कल्चर अंधारं असेल तर घाबरू नका. ॲलिव्हिब्रिओ फिशरीसारखे जिवाणू संकेत-रेणू सोडतात आणि दाटी झाल्यावरच प्रकाशाची जनुकं चालू करतात. नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी 1970 मध्ये हे दाखवलं. हवाईतलं छोटं बॉबटेल माकूळ आपल्या प्रकाश-अवयवात हेच जिवाणू बाळगतं आणि रोज पहाटे त्यातले सुमारे 95% बाहेर टाकतं. उरलेले दिवसभरात वाढतात आणि रात्री अवयव पुन्हा उजळतो. किती नेटकी व्यवस्था आहे ही!

निळ्या लाटा मात्र वेगळ्या. त्या बहुतेक वेळा नॉक्टिल्युकाच्या, म्हणजे एकपेशीय डायनोफ्लॅजेलेटच्या. तो धक्का बसला की क्षणभर चमकतो. जिवाणूंचा उजेड सलग असतो.

प्रयोगवही
हातमोजे विसरू नका, विशेषतः बोटावर चीर असेल तर. हे माकूळ खायचं नाही. प्लेट टाकण्याआधी 121 अंशांवर 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा).