अनुभव धागा : टाळेबंदीत तुमच्या मालकाने काय केले?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि काम बंद असले तरी कामगारांचे वेतन कपात न करता द्यावे, असा आदेश केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्चला काढला. तो १८ मेपासून मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगारांना आपसांत वाटाघाटी करण्यास सांगितले. त्या काळात आपल्या कामाच्या ठिकाणी काय घडले, हे सभासदांनी सविस्तर लिहावे. आस्थापनेचे नाव मात्र घेऊ नये.

चाकण, वाहनांचे सुटे भाग

मी ठेकेदारामार्फत कामाला होतो. कायम कामगारांचा पगार वेळेवर जमा झाला, याचा मला आनंदच आहे. परंतु त्याच लाइनवर, त्याच पाळीत उभे राहणाऱ्या आम्हा कंत्राटी मुलांनी विचारणा केली, तेव्हा कंपनीने ठेकेदाराकडे बोट दाखवले आणि ठेकेदाराने कंपनीने बिल मंजूर केले नसल्याचे सांगितले. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, अशी तरतूद तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती, हे मला फार नंतर एका युनियनवाल्याकडून कळले. जूनमध्ये उत्पादन सुरू झाले, तेव्हा पहिले फोन मात्र आम्हालाच आले, कारण परप्रांतीय कामगार गावी गेले होते आणि माणसे कमी पडत होती.

इचलकरंजी, यंत्रमाग

मी मालकाच्या बाजूने लिहितो. व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या माझ्यासारख्याचे माग थांबले की उत्पन्नही थांबते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. पूर्ण मजुरी देणे मला शक्य नव्हते. मी धान्य भरून दिले, थोडी उचल दिली आणि पुढे ती कापून घेतली नाही. याला कोणी औदार्य म्हणू नये, कारण कसबी विणकर एकदा गेला की सहजासहजी परत मिळत नाही.

नाशिक, अंबड औद्योगिक वसाहत

आमच्या छोट्या वर्कशॉपच्या मालकांनी सर्वांना बोलावून येणे किती अडकले आहे आणि खात्यात किती शिल्लक आहे, हे वहीच उघडून दाखवले. तीन महिने निम्मा पगार मिळेल आणि स्वतः काही उचलणार नाही, असे ते म्हणाले. राहिलेली रक्कम दिवाळीपर्यंत तुकड्यातुकड्याने मिळाली. तोवर सोडून जाण्याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नाही, आणि याचे कारण पैशापेक्षा ती उघडी वही होती, असे मला वाटते.

पुणे, सॉफ्टवेअर

व्हिडिओ कॉलवर मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले. कंपनीने काढले तर पुढे नोकरी मिळताना अडचण येईल, असे कारण माझ्या हिताचे म्हणून पुढे करण्यात आले. राजीनामा दिल्यामुळे नोटीस कालावधीचे वेतन मागण्याचा माझा मुद्दाच दुबळा झाला. असा आग्रह झाल्यास कॉलवर होकार देऊ नये, लेखी पत्र मागावे आणि ते मिळेपर्यंत लॅपटॉप परत करू नये, असे काही सहकाऱ्यांनी केले व त्यांना दोन महिन्यांचे वेतन मिळाले.